गरिबाची सायकल, जगाची वाट

बाळापूरहून अकोल्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटर सायकल हाणत कामाला जाणारे कष्टकरी आम्ही पाहिले आहेत. या सायकलीला गरिबाचे वाहन म्हणून हिणवले जाते. पण सायकलवरूनच १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. इराणचे वाळवंट, आल्प्सचे बर्फाळ डोंगर वाटेत लागले. तिघांचा प्रवास मध्येच थांबला. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा मात्र सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ साली एकत्रच परतले.

आपली मुले-मुली चार सोबत्यांसह सायकलवर दूर जाऊ म्हणाली, तर त्यांना मागे ओढू नका. पंक्चर काढायला शिकवा आणि मागे राहिलेल्यासाठी थांबायलाही शिकवा.