आधी पाड्यावर विचारा

शहापूर-मुरबाडच्या जंगलात काम करून आलेल्या अभ्यासकांची एक तक्रार ठरलेली असते: लोक फार चौकशा करतात. ‘कशाची मोजणी चाललीय? सरकारी माणसं का? जमीन घेणार का?’ मग एखादा ट्रॅप कॅमेरा कुणीतरी उलटा करून ठेवतं, एखादा गायब होतो. यावर उपाय म्हणून लगेच ‘जनजागृती’ सुचवली जाते. माझ्या मते जागं व्हायची गरज अभ्यासकांनाच जास्त आहे.

हातात जीपीएस, वहीत आकडे, अशी अनोळखी माणसं या भागाने आधीही पाहिली आहेत. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. भातसा धरणही शहापूर तालुक्यातच आहे, आणि याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. मुरबाडमध्ये काळू धरणाचं काम वनजमिनीची मंजुरी नसताना सुरू झालं. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. अशा ठिकाणी मोजमाप करणाऱ्या माणसाला ‘तू कोण?’ असं विचारणं हा अडाणीपणा नाही, अनुभवातून आलेलं शहाणपण आहे.

आता कॅमेऱ्याचं बघू. समोरून काही उबदार हललं की तो फोटो काढतो. बिबट्या असो की बाई, त्याला सारखंच. आणि बिबट्याची पायवाट बहुतेकदा माणसांचीही असते. मग सरपणाची मोळी आणणाऱ्या बायका, मोहाची फुलं वेचणारी पोरं, आडोशाला गेलेलं कुणी, सगळे मेमरी कार्डात जमा. कॉर्बेटच्या आसपासच्या गावांमधला त्रिशांत सिमलाई यांचा अभ्यास 2024 मध्ये आला. वाघ जवळ येऊ नये म्हणून जंगलात मोठ्याने गाणाऱ्या-बोलणाऱ्या बायका कॅमेऱ्यांमुळे गप्प झाल्या, असं त्यात आहे. शौचाला गेलेल्या एका बाईचा फोटो तर व्हॉट्सॲपवर फिरला; चिडलेल्या गावकऱ्यांनी दिसेल तो कॅमेरा फोडला. ‘आपल्याकडे तसं होत नाही’ असं म्हणण्याआधी आपण इथल्या बायकांना कधी विचारलंय का?

‘हजारो फोटोंतून माणसं वेगळी कशी काढणार?’ ही सबब ऐकली की मला, सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्याला, हसू येतं. मेगाडिटेक्टरसारखं फुकट मिळणारं मॉडेल फोटोत प्राणी आहे, माणूस आहे की गाडी, हे वेगळं करून देतं. माणसांचे फोटो पुसणारी स्क्रिप्ट त्याला जोडणं हे एका दुपारचं काम आहे. माणसांचा वावर किती, हे अभ्यासाला हवं असेल तर आकडा ठेवा, चेहरे पुसा. आणि शिकारी पकडायला फोटो हवे असतील तर तो पहारा झाला. पाड्यावर तसं सांगून कॅमेरे लावा.

लोकांशी बोलून संशोधन बुडत नाही. वारली लोकांच्या वाघोबावरचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत त्यात वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी नोंदवली आहेत. बिबट्याशेजारी माणसं कशी राहतात, हे तिथे लोकांशी बोलूनच कळलं. कॅमेऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. कॅमेरा लावण्याआधी पाड्यावर बैठक घ्या. कोणत्या वाटा टाळायच्या ते बायकांना विचारा. काम संपल्यावर बिबट्याचे, तरसाचे फोटो आधी पाड्यावर दाखवा, मग परिषदेत. वाट दाखवणाऱ्याला मजुरी द्या आणि निबंधात त्याचं नावही घाला. जंगलात संशोधनाची परवानगी वन खातं देतं. त्या परवानगीत या अटी घालणं अवघड नाही. त्या येईपर्यंत कॅमेरा उलटा करून ठेवणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही.