पऱ्हाटीस रकाना हवा

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. पीकपाहणीचे कागद हजारोंनीं हाताखालून गेले. त्यांत कापसाचें क्षेत्र गुंठ्यागणिक नोंदलेलें असे, पण पऱ्हाटीस रकाना कधींच नव्हता. कागदावर जिला जागा नाहीं, तिला शेतकऱ्याच्या मनांतहि मोल नाहीं. म्हणूनच वेचणी संपतांच बांधोबांधीं तिच्या होळ्या पेटतात. गेल्या माघांत माझ्याच चार एकरांतील पऱ्हाटीस मीं काडी लाविली, हें कबूल करूनच आज बंधूंस चार शब्द लिहीत आहें.

पऱ्हाटी शेतांत उभी ठेवावी, असें माझें म्हणणें नाहीं. तिच्यांत गुलाबी बोंडअळी दडते, म्हणून ती वेळीं उपटणें अवश्यच आहे. प्रश्न एवढाच कीं, उपटल्यावर तिची राख करावी कीं कोळसा? उघड्या हवेंत जाळल्यास तिच्यांतील कार्बन धुरावाटे निघून जातो. हवा कोंडून तापविल्यास तोच मागें राहतो. आणि असा वनस्पतिज कार्बन आज वीज सांठविण्याच्या कामीं येऊं लागला आहे.

योग्य रीतीनें तापविलेल्या कार्बनांत अतिसूक्ष्म छिद्रें असतात. त्यांचें माप नॅनोमीटरमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लक्षांश भागांत, करितात. या छिद्रांच्या भिंतींवर विजेचा भार धरून ठेवितां येतो. भिंत अधिक तर सांठा अधिक. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं २०१३ सालीं कडुनिंबाच्या वाळल्या पानांपासून केलेल्या कार्बनाच्या एका ग्रॅमांत १२३० चौरस मीटर, म्हणजे सुमारें बारा गुंठे, पृष्ठभाग निघाला! जन्मभर जमिनीचे हिशेब लिहिणाऱ्यास याहून नवल तें कोणतें? नारळाच्या करवंटीचा कार्बन तर वीज-संग्राहकांत व्यापारी प्रमाणावर वापरला जातो. सोडियमच्या बॅटरींत ग्राफाइट नीट चालत नाहीं. तेथेंहि असा कठीण कार्बन उपयोगी पडतो.

तथापि हुरळून जाऊं नये. बॅटरीच्या प्रतीचा कार्बन करण्यास हजार अंशांवर उष्णता व मोठा कारखाना लागतो. तें एकट्या शेतकऱ्याचें काम नव्हे. पऱ्हाटीचा माल त्या कसोटीस कितपत उतरेल, हें तपासणीनेंच ठरेल. परंतु कच्चा कोळसा करणें आपल्या आवांक्यांत आहे, आणि मोठें गिऱ्हाईक न मिळाल्यास तो निदान जळणास तरी येतो.

माझी सूचना अशी. चार-पांच गांवांनीं मिळून संघामार्फत एक भट्टी घालावी. कोळशांतील राख व कार्बन यांची तपासणी करून घ्यावी. आणि माल वजनावर व प्रतीवर विकावा. दलालास गाडीच्या भावानें पऱ्हाटी देऊं नये. कापसाचा अनुभव आपणांस आहेच: पिकविला आपण, भाव ठरविला दुसऱ्यानें. यासाठीं कर्ज मात्र काढूं नये; पहिल्या वर्षीं थोडक्यावर प्रयोग करावा.

दोन हक्क तेवढे राखावेत. पऱ्हाटीचा पाला जमिनीचा आहे, तो तिलाच द्यावा. आणि ज्या मजूर बायांची चूल या काड्यांवर पेटते, त्यांचा वांटा आधीं बाजूस काढावा. उरलेल्या पऱ्हाटीस आपल्या घरच्या हिशेबाच्या वहींत तरी यंदा एक रकाना घालावा, ही विनंति.