तारेआधी रात्रीचा ब्रश

वार्षिक परीक्षा संपल्या की दातांना तारा बसवून घ्यायला मुलांची रीघ लागते. बारा-चौदा वर्षांची मुलं, सोबत आई किंवा बाबा. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. किती महिने लागतील, खर्च किती, हप्त्याने दिले तर चालतील का, दात काढावे लागतील का, दुखेल का. ‘हिचे दात तार लावण्याइतके स्वच्छ आहेत का?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न तोच आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तार लावायची घाई अजिबात करू नये.

तारेमुळे दात किडत नाहीत, हे आधी सांगायला हवं. किडतात ते तारेभोवती साचलेल्या थरामुळे. प्रत्येक दातावर एक ब्रॅकेट चिकटवलेलं, त्यातून ओवलेली तार, ती धरून ठेवणारं इवलंसं रबर. एरवी जीभ, ओठ आणि लाळ दाताचा पुढचा भाग सतत पुसत असतात. आता तिथे कोपरे आणि कपारी तयार होतात. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा, पावाचा गोळा, केळं असं सगळं तिथे अडकतं. जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. तोंडातला सामू साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात, आणि लाळेला तो पुन्हा वर आणायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मूल दर तासाला काहीतरी तोंडात टाकत असेल, तर लाळेला ती संधीच मिळत नाही.

याचं पहिलं चिन्ह म्हणजे खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग. स्वच्छता नसेल तर तार लावल्यापासून महिनाभरातही तो दिसू लागतो. दुखत नाही, ठणकत नाही, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. दीड-दोन वर्षांनी तार निघते तेव्हा ब्रॅकेटखालची जागा नितळ असते आणि तिच्याभोवती पांढरी चौकट उमटलेली असते. दात सरळ रेषेत आलेले आणि प्रत्येकावर अशी चौकट. हे मी पाहिलेलं आहे, आणि अशा वेळी आरशात बघणाऱ्या मुलीला काय सांगावं हे कळत नाही. काही डाग पुढे फिके होतात, पण पूर्ण जातीलच याची खात्री कोणी देऊ नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर आधीपासूनच डाग असू शकतात. त्यामुळे तार लावण्यापूर्वी दातांचे फोटो काढून घ्यावेत. कुठला डाग पाण्याचा आणि कुठला तारेचा, हा वाद मग उरत नाही.

आपल्या घरांत सकाळचं तोंड धुणं अगदी कडक असतं. त्याशिवाय चहा मिळत नाही. रात्री मात्र जेवण, वर एखादी बर्फी किंवा दूध-साखर, आणि थेट अंथरूण. झोपेत लाळ कमी होते, म्हणजे दाताचं संरक्षण सर्वांत कमी असतं तेव्हाच अन्न अडकलेलं राहतं. तारा नसलेल्या दातांनाही हे बाधतंच, तारा असलेल्यांना फारच. दिवसातून एकदाच नीट घासणं होणार असेल, तर ते रात्रीचं व्हावं.

नीट म्हणजे कसं, तर आरशासमोर. मऊ केसांचा ब्रश हिरडी आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या पट्टीवर तिरका धरायचा, हिरडीकडे रोख ठेवून हलके हलके घासायचं. मग खालून वर वळवून ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूला. मग आतली बाजू, मग चावायची बाजू. यानंतर मुलं थांबतात, पण खरं काम तारेच्या खाली उरलेलं असतं. त्यासाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा, अगदी बारीक इंटरडेंटल ब्रश मिळतो. तो दोन ब्रॅकेटच्या मधून तारेमागे घालून वरखाली फिरवायचा. पहिल्या दिवशी त्यावर काय निघतं ते पाहिल्यावर मुलाला वेगळं समजवावं लागत नाही. बोटाने लावलेलं मंजन तारेमागे पोचत नाही, आणि राखुंडी तर दात झिजवते.

हिरडीतून रक्त आलं की मुलं तिथे ब्रश लावायचंच सोडतात आणि आईही म्हणते, ‘राहू दे, दुखतंय तिला.’ करायला हवं नेमकं उलटं. रक्त येतं ते बहुतेक वेळा साचलेल्या थरामुळे. तिथे मऊ ब्रशने रोज काळजीपूर्वक घासलं तर सूज साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरू लागते. नाही उतरली तर डॉक्टरांकडे जावं. टूथपेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड आहे का ते वाचावं. भारतात त्याची कमाल मर्यादा हजार पीपीएम आहे, आणि आपल्याकडे खपणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते नसतंच. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भराभर चुळा भरून सगळं धुऊन टाकू नये.

खाण्याबद्दल थोडक्यात. चिक्की, ऊस, कडक पेरू, कणसाचे दाणे दाताने ओरबाडणं हे बंद. पेरूच्या पातळ फोडी करा, दाणे सोलून द्या. हळदीने पारदर्शक रबरं पिवळी पडतात, त्याची काळजी नको, ती पुढच्या भेटीत बदलतात. गोड खायचंच तर जेवणाबरोबर खावं, दिवसभर चघळत राहू नये.

आमच्या व्यवसायालाही सांगायचं आहे. तार बसवण्यात तास जातो आणि ब्रश शिकवण्यात पाच मिनिटं, हे बरोबर नाही. मुलाच्या हातात ब्रश देऊन त्याच्याकडून करून घ्यावं, दर भेटीत तपासावं, आणि वारंवार सांगूनही थर तसाच असेल तर काही काळ तार काढून ठेवण्याचं धैर्य दाखवावं. शाळांनी डब्याच्या सुट्टीत चूळ भरायला पाच मिनिटं आणि चालू नळ एवढं दिलं तरी पुष्कळ.

पालकांना माझी विनंती आहे. या सुट्टीत तार लावायचं ठरलं असेल, तर आधी एक महिना रात्रीचा ब्रश करून घ्या, रोज शेजारी उभं राहून. महिन्यानंतरही हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आधी हिरड्यांवर उपचार करून घ्या आणि तारेची तारीख पुढे ढकला.