झोपेआधी थोडेसे रहस्य

‘डॉक्टरसाहेब, रातभर डोळ्याले डोळा लागत नाही. झोपेची गोळी लिहून द्या.’ ही मागणी आमच्या दवाखान्यात रोजची. अशा वेळी रक्तदाब, साखर, थायरॉईड तपासावे लागते. संध्याकाळनंतरचा चहा आणि तंबाखू बंद करावा लागतो. पण हे सारे ठीक असूनही झोप नाही, असे रुग्ण पुष्कळ. झोपण्यापूर्वी काय करता, असे विचारले की उत्तर ठरलेले. मोबाईलवर बातम्या, नाहीतर टीव्हीवर खऱ्या खुनांचे कार्यक्रम.

अशा रुग्णांना मी एक पथ्य सांगतो. रात्री अर्धा तास हलकीफुलकी रहस्यकथा वाचा. काहीजण हसतात. खुनाची गोष्ट वाचून झोप कशी येणार?

वाचकहो, यात विसंगती नाही. चिंता म्हणजे मनाचे रवंथ. कर्ज, पाऊस, मुलीचे लग्न, कापसाचा भाव, तेच ते पुन्हा चघळले जाते. या प्रश्नांना रात्री अकरा वाजता उत्तर नसते. शरीर मात्र संकट समोर उभे असल्यासारखे वागते. छाती धडधडते, झोप पळते. रहस्यकथा या रिकाम्या जात्यात वेगळे दाणे टाकते. संशयित चारपाच, कोडे एकच आणि शेवटी उत्तर मिळणार याची खात्री. अशी खात्री आपल्या आयुष्यात कितीशी असते?

दुसरे औषध म्हणजे त्यातली विक्षिप्त माणसे. १९८५ साली दूरदर्शनवर आलेला, पंकज कपूर यांनी रंगवलेला करमचंद आठवा. गाजर कुरतडत गुन्हा उकलणारा हा गुप्तहेर घरोघरी लाडका झाला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे अंगाने काडी, पण संकटात उडी घ्यायला सदैव तयार. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल विणकाम करीत बसणारी म्हातारी. ती गावातल्या माणसांचे स्वभाव ओळखून खुनी शोधते. आपल्या आळीतही अशी एखादी आजी असतेच! मालिकेचे दुसरे पुस्तक उघडले की हीच माणसे ओळखीच्या पाहुण्यासारखी भेटतात. मुले पुण्या-मुंबईला गेलेल्या घरातील एकट्या वृद्धांना या सोबतीची किंमत विचारा.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचून कित्येकांना वाचनाची गोडी लागली. तरीही या पुस्तकांना आपण ‘टाइमपास’ म्हणून हिणवतो. २०१९ साली साहित्य संमेलन भरवणाऱ्या यवतमाळात तरी हा सोवळेपणा नको. मनाला विसावा देणे हे कमी प्रतीचे काम नव्हे.

एक सावधगिरी मात्र हवी. ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते. तिथे मिळालेली विषांची माहिती त्यांना कथांसाठी कामी आली. त्यांच्या १९२० सालच्या पहिल्या कादंबरीत स्ट्रिक्निन आहे. तिथे विष हे कोडे असते. आपल्या जिल्ह्यात ते घराच्या कोपऱ्यातल्या डब्यात असते. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने इथली कितीतरी घरे उजाड झाली. ज्या घराने असे दुःख सोसले आहे, तिथे विषाच्या गोष्टी नेऊ नका. फास्टर फेणे द्या. आणि तो डबा आधी कुलपात ठेवा.

पुस्तक हे पथ्य आहे, औषध नव्हे. दोन आठवडे झोप नाही, भूक मेली, कशातच मन लागत नाही, किंवा जगणे नको वाटते, असे असेल तर पुस्तकावर भागवू नका. लगेच डॉक्टरांकडे या. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, रात्रीसुद्धा. घरच्यांनीही अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगून एकटे सोडू नये.

इतरांनी आज वाचनालयातून एक रहस्यकथा आणावी. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. दिवा मालवण्यापूर्वी एकच प्रकरण वाचावे. खुनी कोण, हे उद्यावर सोडायला शिकलात, की इतर काही प्रश्नही सकाळपर्यंत थांबवता येतील.