खिडकीपाशी किती सांगावे?

वैद्य आणि रोगी यांचे बोलणे एकांतातले, असे आपण पिढ्यान् पिढ्या मानीत आलो. परंतु आजच्या इस्पितळात त्या एकांतापर्यंत पोहोचण्यापूर्वी एक खिडकी ओलांडावी लागते. खिडकीपलीकडे संगणकासमोर कोणी मुलगी किंवा मुलगा बसलेला असतो. अलीकडे हातात टोकन घेऊन दहावीस माणसे दाटीने उभी असतात. नाव, वय, पत्ता झाला की पुढचा प्रश्न येतो, काय त्रास आहे? हैदराबादेत तो कधी तेलुगूत येतो, कधी दख्खनीत, कधी हिंदीत. भाषा कोणतीही असो, उत्तर ऐकणारे कान तेवढेच असतात. अशा वेळी किती सांगावे आणि किती राखून ठेवावे, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. तो व्हावा, म्हणून आजचे हे चार शब्द.

हा केवळ लाजेचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. मूळव्याध, पाळीच्या तक्रारी, मूल न होणे, मनाचे आजार, क्षय ही नावे चारचौघांत उच्चारावी लागतील या धास्तीने कित्येक माणसे इस्पितळाची पायरी चढतच नाहीत. चढलीच, तर ‘अंगात कणकण आहे’ असे काहीबाही सांगून भलत्याच विभागाची चिठ्ठी घेतात. तेथून दुसऱ्या विभागात आणि तेथून तिसऱ्या विभागात जाता जाता दिवस मोडतो, पैसा जातो, आणि दुखणे मात्र वाढत राहते. म्हणजे खिडकीपाशी झाकलेली गोष्ट शेवटी शरीरालाच भोवते.

खिडकीवरच्या माणसालाही उगाच दोष देण्यात अर्थ नाही. रोग्याला कोणत्या विभागाकडे पाठवावयाचे आणि कोणाला आधी आत सोडावयाचे, एवढे ठरविण्यासाठी तो विचारीत असतो. तेव्हा उत्तरही तेवढेच द्यावे. ‘स्त्रीरोगाच्या डॉक्टरीणबाईंना भेटावयाचे आहे, बाकीचे त्यांनाच सांगेन,’ हे वाक्य पुरेसे आहे, त्यात उद्धटपणा नाही. विभाग कोणता हे ठाऊक नसेल, तर त्रास एका कागदावर दोन ओळींत लिहून तो कागद आत सरकवावा. तरीही कोणी खोदून विचारले, तर ‘जरा बाजूला येऊन सांगतो’ असे शांतपणे म्हणावे. मात्र एक अपवाद ध्यानी धरावा. छातीत कळ येणे, श्वास कोंडणे, रक्त जाणे, शुद्ध हरपणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, गरोदरपणी अकस्मात पोटात दुखणे, यांपैकी काही असेल तर ते पहिल्याच शब्दात आणि मोठ्याने सांगावे. तेथे संकोच जीवघेणा ठरतो.

रोग्याचे गुपित राखावे, ही कल्पना काही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला वैद्यकीची दीक्षा देताना जे नियम घालून दिले आहेत, त्यांत रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर फोडू नयेत असे स्पष्ट बजावले आहे. तथापि व्यवहारात हा नियम सर्वांच्या वाट्याला आला असे नाही. आपल्या या नगरीजवळ, सिकंदराबादेच्या बेगमपेठेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. ज्या रोग्याचे रक्त त्या डासांनी प्याले होते, त्याला डासामागे एक आणा मिळाला. आणि त्या हुसेन खानाचे नाव दुखण्यासकट जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले. त्या काळी असे नाव छापण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

त्यानंतर १०१ वर्षांनी, १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात रोग्याचे नाव ‘एक्स’ आणि रुग्णालयाचे नाव ‘झेड’ एवढेच लिहिले गेले. एका गृहस्थांच्या रक्ततपासणीत एच.आय.व्ही.ची लागण आढळली, ती बातमी बाहेर फुटली, ठरलेले लग्न मोडले आणि त्यांना आपले गाव सोडावे लागले. न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. गोपनीयतेचा हक्क आहे, परंतु तो निरपवाद नाही. ज्या मुलीशी विवाह व्हावयाचा होता तिच्या जिवाला धोका होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या निकालातून आपण एवढे समजून घ्यावे की, ज्याच्या जिवावर बेतू शकते त्याला कळणे निराळे आणि साऱ्या गावाला कळणे निराळे.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच वर्षी झालेल्या एच.आय.व्ही.विषयक कायद्याने, विश्वासाने सांगितलेली अशी माहिती संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली. मानसिक आरोग्याच्या कायद्यानेही मनोरुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. डॉक्टरांसाठी तर २००२ चे आचारनियम आहेतच. न्यायाधीशाची आज्ञा, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळविणे आवश्यक असलेले रोग, एवढे प्रसंग सोडता रोग्याचे गुपित फोडू नये, असे ते सांगतात. परंतु हे आचारनियम नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. खिडकीवर बसणाऱ्याने वैद्यकीची कोणतीच शपथ घेतलेली नसते. तेव्हा त्याला ती शिस्त लावण्याची जबाबदारी इस्पितळ चालविणाऱ्यांची आहे. रांग खिडकीपासून चार हात मागे ठेवणे, नावाऐवजी टोकनाच्या क्रमांकाने हाक मारणे, रोगाचे नाव मोठ्याने न उच्चारणे, यांपैकी कशालाही खर्च म्हणावा असा येत नाही. आपल्या ओळखीचे डॉक्टर असतील, तर त्यांच्या कानावर हे जरूर घालावे.

आता थोडे आपल्या घरचे. हैदराबादचा मराठी माणूस परक्या गर्दीत मराठी बोलला की आपण पडद्याआड बोलत आहोत असे समजतो. हा मोठाच भ्रम आहे! १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात नांदत होते; सुलतानबाजार, काचीगुडा, बडीचावडी या वस्त्यांतून मराठी कानांना कधीच तोटा नव्हता. शिवाय नांदेड, परभणी, लातूर, उदगीरकडील कितीतरी रोगी आजही उपचारांसाठी येथेच येतात. उस्मानियाच्या आवारात किंवा निम्सच्या बाकावर शेजारी बसलेला गृहस्थ आपले प्रत्येक वाक्य समजत असण्याचा संभव पुरेपूर आहे. तो आपल्या व्याह्यांचा शेजारी निघाला तरी नवल नाही.

हे जे मराठवाड्याकडचे पाहुणे येतात, ते उतरतात आपल्याच घरी. त्यांना तेलुगू येत नाही म्हणून आपल्यापैकी कोणीतरी काका, मावशी, भाऊजी त्यांच्याबरोबर जातात. अर्ज भरतात, खिडकीशी बोलतात, आणि डॉक्टरांच्या खोलीतही जाऊन बसतात. हे उपकार थोर आहेत, यात शंका नाही. पण वाचकहो, त्या क्षणी आपणच त्या रोग्याची खिडकी झालेलो असतो, हे आपल्या ध्यानात येते का? गावाकडून आलेली सून चुलतसासऱ्यांच्या देखत आपल्या पाळीची तक्रार कशी सांगणार? तरुण मुलगा मामांसमोर झोप लागत नाही याचे खरे कारण कसे बोलणार? ती गप्प राहतात, डॉक्टर अंदाजाने औषध देतात, आणि गुण येत नाही म्हणून इस्पितळाला नावे ठेवली जातात. उलट, काही कळलेच तर पाहुण्यांची गाडी काचीगुड्याहून निघून नांदेडला पोहोचण्याच्या आत ते दूरध्वनीवरून चार घरी पोहोचलेले असते. त्यामागे बहुधा दुष्टावा नसतो, काळजीच असते. परंतु तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

म्हणून दुभाष्याचे काम करणाऱ्यांनी स्वतःला काही नियम घालून घ्यावेत. रोगी सांगेल तेवढेच सांगावे. पदरचे काही घालू नये. डॉक्टरांना मराठी किंवा हिंदी येत असेल, तर ‘मी बाहेर बसतो’ असे आपण होऊन म्हणावे. रोग्याला तसे सुचविण्याचा संकोच वाटतो. बाईमाणसाबरोबर शक्य तो बाईमाणसानेच जावे, आणि तीही तिच्या मनाजोगती असावी. तपासणीचा अहवाल आजकाल मोबाइलवर येतो. तेथे आपला नव्हे, रोग्याचा स्वतःचा क्रमांक द्यावा. कागद हाती आला, तर पाकीट न उघडता ज्याचे त्याला द्यावे. सज्ञान मुलामुलींच्या बाबतीतही हेच लागू आहे. बापाने फी भरली म्हणून मुलीचे दुखणे बापाच्या मालकीचे होत नाही.

आणि जे सोबत गेले नाहीत त्यांनी? इस्पितळातून कोणी परतले की ‘काय निघाले?’ असे विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. तीऐवजी ‘आता बरे वाटते ना? काही आणून देऊ का?’ असे विचारून पाहावे. ज्याला सांगावयाचे असेल तो आपण होऊन सांगेल, आणि ज्याला सांगावयाचे नसेल त्याला खोटे बोलावे लागणार नाही.