आपण कुठल्या बाजूला होतो?

कळंब्याच्या आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर मुलांसाठी पुस्तकांचे एक कपाट उघडले जाते. गेल्या चातुर्मासात काही पालक आमच्याकडे आले आणि कपाटातील शिवकालीन साहसकथा काढून टाकाव्यात, अशी त्यांनी विनंती केली. या कथांतला फिरंगी हा बहुधा कपटी असतो, पाद्री क्रूर असतो, आणि फिरंगी व ख्रिस्ती यांत लेखक भेद करीत नाही. आपली मुले शाळेत याच गोष्टींवरून चिडवली जातात, अशी त्यांची तक्रार. तक्रार खोटी नाही. तरीही आम्ही ती पुस्तके काढली नाहीत, काढणार नाही. त्यामागची भूमिका येथे मांडीत आहोत. ती आमच्या पालकवर्गास रुचेल असे नाही, आणि लेखकवर्गासही रुचेल असे नाही.

या कादंबऱ्या आम्हांला परक्या नाहीत. सेमिनरीत नाथमाधवांची स्वराज्यमाला तत्त्वज्ञानाच्या टिपणवहीखाली दडवून आम्हीही वाचली आहे, आणि पकडलेही गेलो आहोत. गो. नी. दांडेकरांच्या मावळ्यांबरोबर आम्ही मनाने किती गड चढलो याची गणती नाही. आमच्या मुलांनी तो आनंद का गमवावा?

परंतु गेल्या आषाढात आमची मुले पन्हाळा ते पावनखिंड चालून आली, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने ओले मोजे पिळता पिळता विचारले, ‘‘फादर, त्या वेळी आपण कुठल्या बाजूला होतो?’’ आम्ही त्याला चहा घ्यायला सांगितले. उत्तर नव्हते म्हणून नव्हे. ते इतके लांबचे आणि गुंतागुंतीचे होते की भर पावसात कोठून सुरुवात करावी ते सुचेना. त्याच्या वाचनात आलेल्या कोणत्याही गोष्टीने त्याला ते दिले नव्हते, आणि आम्हीही दिले नव्हते.

पन्हाळ्याचेच घ्या. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, जुलैची ती पावसाळी रात्र, शिवा काशिदाचे बलिदान, घोडखिंडीतले बाजीप्रभू, हे सारे मुलांना तोंडपाठ आहे आणि असावेही. पण त्याच वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रजही आले होते. हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांनी तोफ आणि फुटणारे गोळे आणले व आपले निशाण लावून गडावर मारा केला. हा उल्लेख गोष्टीत आला तर एका ओळीत येतो, ‘विश्वासघातकी इंग्रज’ म्हणून, आणि लेखक घाईने पुन्हा तलवारीकडे वळतो. ते का आले, हे कोणी सांगत नाही. धर्मासाठी आले नव्हते, राज्यासाठीही नाही. ते व्यापारी होते. गोळे हा त्यांच्या लेखी विकाऊ माल होता, आणि सिद्दी हा त्या घटकेला बलवान गिऱ्हाईक होता. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर छापा घालून त्यांना कैद केले. सुरतेच्या वरिष्ठांनी काय केले? तुम्ही कंपनीचा माल राखताना नव्हे, तर पन्हाळ्यावर गोळे फेकायला गेलात म्हणून तुरुंगात आहात, असे त्यांनाच सुनावले. सुटका १६६३ मध्ये झाली, आणि वखारीच्या भरपाईची बोलणी १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्सेंडन आला तरी चालूच होती. ही हिशेबाची वही मुलांपुढे उघडली, तर तलवारीची धार बोथट होत नाही. उलट पुढची दीडशे वर्षे कशी घडली ते त्यांना उमगू लागते.

असाच हिशेब पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याच वर्षी मांडला जात होता, आणि तेथील साहसकथांचेही असेच झाले, म्हणून थोडे तिकडे जाऊ. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांकाठी ओजिब्वे नावाचे लोक राहतात. भूर्जाच्या सालीच्या हलक्या होड्या करण्यात त्यांचा हातखंडा. युरोपात बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांपासून उंची टोप्या बनत. त्यासाठी फ्रेंच आणि इंग्रज व्यापारी या लोकांकडून कातडी घेत आणि बदल्यात बंदुका, पातेली, घोंगड्या व दारू देत. इंग्रजांची हडसन बे कंपनी १६७० ची. तिच्या दरपत्रकात मालाची किंमत बीव्हरच्या कातड्यांत लिहीत. दारूने वस्त्या उद्ध्वस्त होताना पाहून १६६० मध्येच क्वेबेकचे बिशप फ्रान्स्वा द लाव्हाल यांनी मूळ रहिवाशांना दारू विकणाऱ्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. व्यापारी आणि अधिकारी त्यांच्यावर उखडले. २०१४ मध्ये लाव्हाल संतपदी घोषित झाले. पण त्यांची ही लढाई आमच्यापैकी किती जणांनी मुलांना सांगितली आहे?

त्या व्यापारावर मुलांसाठी पुष्कळ साहसकथा लिहिल्या गेल्या. त्यांत गोरा वीर असे आणि मूळ रहिवासी हा वाटाड्या तरी असे किंवा शत्रू तरी. मग १९९९ मध्ये लुईस एर्डरिक या स्वतः ओजिब्वे वंशाच्या लेखिकेने ‘द बर्चबार्क हाउस’ लिहिली. काळ १८४७, स्थळ सुपीरियर सरोवरातील एक बेट, नायिका ओमाकायास नावाची सात वर्षांची मुलगी. बाप कातड्यांच्या व्यापारासाठी दूर जातो. मुलीला घरी कातडे खरवडण्याचा कंटाळा येतो. आणि एका पाहुण्याबरोबर देवी वस्तीत शिरते. लढाई नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. इतिहास तोच आहे, फक्त तो झोपडीच्या दारातून पाहिलेला आहे. एर्डरिकबाईंनी जुनी पुस्तके कपाटातून काढा असे म्हणून हात जोडले नाहीत; त्यांनी स्वतःचे पुस्तक लिहिले.

आमच्याकडे असे का होत नाही? सामग्री नाही म्हणून? १६५९ मध्ये कल्याण-भिवंडीच्या खाडीत महाराजांच्या पहिल्या युद्धनौका बांधल्या जात होत्या, त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा होता, आणि त्यांच्या हाताखाली तीनशेहून अधिक फिरंगी माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना फितवले आणि ती माणसे काम टाकून निघून गेली. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या भरणारा एखादा तेरा वर्षांचा पोरगा तेथे होता असे कल्पा. महाराजांची चाकरी की कप्तानाचा हुकूम, हा पेच त्याच्यापुढे त्या रात्री उभा राहिला असेल. कादंबरीला आणखी काय हवे? १७८७ चे गोव्यातले पिंटोंचे बंड घ्या: पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट केल्याबद्दल ४७ जण पकडले गेले, त्यांत १७ धर्मगुरू होते, आणि पुढे १५ जणांना देहान्त झाला. १७३९ ची वसई घ्या. चिमाजी आप्पांच्या विजयानंतर चर्चच्या घंटा देवळांत गेल्या हे सारे सांगतात, पण तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या उपासनेला मोकळीक होती, हे कोण सांगतो?

याऐवजी आम्ही मुलांच्या हाती काय देतो? गुळगुळीत संतचरित्रे. त्यांत जाँ द ब्रेबफ हुतात्मा होतात, पण ते ज्या जलमार्गांनी गेले ते कातड्यांच्या व्यापाराचे होते, हे कोठेही येत नाही. त्यांना मारणारे फक्त ‘रानटी’ असतात. आपल्या पाद्र्याला कोणी एकाच काळ्या रंगात रंगवले की आम्ही दुखावतो. दुसऱ्याच्या पूर्वजांना रंगवताना आमचाही कुंचला तोच असतो.

‘‘मुलांच्या श्रद्धेला तडा जाईल,’’ असे एक माता म्हणाल्या. गोव्यात धर्मसमीक्षण सभा १५६० पासून, मधली थोडी वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालली. तेथे देवळे पाडली गेली. हे मुलाला आज ना उद्या कळणारच. ते चिडवणाऱ्या सोबत्याकडून कळावे, की आपल्या धर्मगुरूकडून? कॅनडातील निवासी शाळांत मूळ रहिवाशांच्या मुलांची भाषा आणि घर हिरावले गेले, त्यांतील अनेक शाळा आपल्याच संस्था चालवीत. त्याबद्दल पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये तेथे जाऊन क्षमा मागून आले. पोपमहाशयांना जे जगापुढे बोलता आले, ते आम्हांला आठवीच्या मुलापुढे बोलता येऊ नये?

आणि साहसकथा लिहिणाऱ्या बंधूंनाही एक विचारायचे आहे. १६६४ च्या सुरतेच्या छाप्यात महाराजांनी कापुचिन फादर अँब्रोज यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही, असे बर्नियर लिहितो. पाद्री आणि पाद्री यांतला भेद महाराजांना भर लुटीच्या धामधुमीत दिसला. तुम्हांला तो निवांत लेखणी चालवताना का दिसू नये?

त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी व्हिएगसची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘म्हणजे दोन्ही बाजूंना.’’ लगेच त्याने विचारले, ‘‘हे पुस्तकात आहे का?’’

मुलांसाठी ते लिहिण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी आम्हांला भेटावे. कपाट रविवारी साडेनवाला उघडते.