अखंड अंगरख्याच्या चिंध्या

जीवनाचे रक्षण तुकड्यातुकड्यांनी करता येते काय? हा प्रश्न केवळ ईशज्ञानाच्या पंडितांचा नाही. मतपेटीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंताचा आहे. अमेरिकेच्या राजकारणातील १९९६ हे एकच वर्ष तपासले, तरी त्याचे उत्तर हाती येते.

त्या वर्षी १० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी गर्भपाताच्या एका पद्धतीवर बंदी घालणारे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठविले. मातेच्या आरोग्यासाठी त्यात अपवाद नाही, हे त्यांनी दिलेले कारण. दोनच आठवड्यांनी, २४ एप्रिलला, त्यांनी दुसऱ्या एका विधेयकावर स्वाक्षरी केली. १९९५ साली ओक्लाहोमा सिटीतील स्फोटात १६८ माणसे मारली गेली होती; त्या संतापातून हा कायदा घडला. राज्यांच्या न्यायालयांनी दोषी ठरविलेल्या कैद्यांना केंद्रीय न्यायालयात दाद मागण्यासाठी त्याने साधारणतः एक वर्षाची मुदत घातली. फाशीची छाया ज्यांच्यावर होती तेही त्यातून सुटले नाहीत.

तिसरा निर्णय २२ ऑगस्टचा. गरीब मुलांच्या कुटुंबांना १९३५ पासून मिळणाऱ्या केंद्रीय अर्थसाहाय्याची हमी त्या दिवशी संपली. केंद्रीय निधीतून मिळणाऱ्या मदतीला उभ्या आयुष्यात पाच वर्षांची मर्यादा आली. मदत घेत असताना आणखी मूल झाले, तर त्याच्यासाठी वाढीव रक्कम नाकारण्याची मोकळीक राज्यांना राहिली. न्यू जर्सीने असा नियम १९९२ सालीच केला होता. म्हणजे गरीब मातेला समाज सांगतो, गर्भपात हे पाप आहे. आणि तिने मूल जन्माला घातले की तोच समाज हात आखडता घेतो! अमेरिकन बिशपांनी या तरतुदीला विरोध केला तो याच कारणाने.

या पापाचा धनी एकच पक्ष नव्हे. तिन्ही विधेयके रिपब्लिकन बहुमताच्या संसदेतून आली. गर्भातील बालकाची बाजू घेणाऱ्या त्या पक्षाने जन्मलेल्या बालकाची थाळी मोजायला घेतली. गरिबांचा कैवारी म्हणविणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधिगृहातील ९८ सदस्य ऑगस्टच्या कायद्याच्या बाजूने गेले आणि ९८ विरोधात. गर्भातील बालकासाठी तर त्या पक्षाच्या नेतृत्वाकडे शब्दही नव्हता.

समर्थक म्हणतील, या कायद्याने पुष्कळ माता कामाला लागल्या आणि चार वर्षांत मदतीवरील लोकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. ते खरे आहे. परंतु यादीतून नाव गेले म्हणजे घरातून दारिद्र्य गेले, असे नव्हे. राज्यांना द्यावयाचा निधी वर्षाला सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर ठरला. महागाई वाढत गेली. पुढे पंचवीस वर्षे लोटली, तरी तो आकडा जवळजवळ तेथेच राहिला. कॅलिफोर्नियाला मात्र नवजात मुलाला वगळणारा आपला नियम २०१६ साली रद्द करावासा वाटला.

शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ मध्येच फोर्डहॅम विद्यापीठातील व्याख्यानात सांगितले होते, की गर्भपात, युद्ध, मृत्युदंड आणि दारिद्र्य हे प्रश्न वेगवेगळे असले तरी जीवनाविषयीच्या एकाच आदरात ते गुंफलेले आहेत. या विचाराला ‘अखंड अंगरखा’ असे नाव पडले. टीकाकार म्हणाले, सगळे प्रश्न एकत्र बांधले की गर्भपाताचे गांभीर्य पातळ होते. हा आक्षेप उलटा आहे. जो गर्भातील जीव पवित्र मानतो, त्याच्या शब्दाला वजन येते ते त्याने भुकेल्या मुलाच्या बाजूने उभे राहिल्यावरच. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही मार्च १९९५ च्या विश्वपत्रात गर्भपाताचा कठोर निषेध केला आणि मृत्युदंडाची गरज जवळजवळ उरलेली नाही, हेही त्याच पत्रात बजावले.

१४ नोव्हेंबर १९९६ रोजी, त्याच वर्षी, कार्डिनल कर्करोगाने निवर्तले. क्रुसाखाली बसलेल्या सैनिकांनी ख्रिस्ताचा बिनशिवणीचा अंगरखा फाडला नाही. त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. दोन पक्षांनी तो फाडला, आणि कॅथॉलिक मतदार आपापली चिंधी छातीशी धरून तिलाच संपूर्ण वस्त्र म्हणत राहिले. पक्ष आपल्याला अर्धे सत्य देतो. ते अर्धे आहे हे त्याला ठणकावून सांगणे, हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे.